मर्गाची वही

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी अशी गावे मागे टाकीत जो रस्ता दक्षिणेच्या अरण्यात शिरतो, तो आलापल्लीला येऊन अनेक वाटांनी फुटतो. एक वाट अहेरीस जाते, दुसरी सिरोंच्याकडे, तिसरी एटापल्लीकडे आणि आणखी एक भामरागडच्या डोंगरांकडे. या चौकाच्या आसमंतात प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरतो तो साग. उभा साग तर आहेच, पण त्याहूनही लक्ष वेधून घेतो तो वनखात्याच्या आगारात आडवा निजलेला, साल सोललेला, सरळसोट साग. आणि त्या प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर शासकीय हातोड्याची निशाणी, अनुक्रमांक, लांबी आणि गोलाई अशी त्याची साद्यंत कुंडली उमटवलेली असते. कोणत्या कुपातून (तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यातून) तो तोडला, कोणत्या दिवशी आगारात आला, कोणत्या लिलावात कोणी घेतला, याची कैफियत दफ्तरात मिळते. या मुलखात झाडाची रुजुवात माणसाच्या आधी झाली, आणि माणसापेक्षा अधिक काळजीपूर्वक झाली, ही गोष्ट मनाशी धरल्यावाचून येथल्या मृत्यूंच्या इतिहासाला, त्यातही स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या मृत्यूंच्या इतिहासाला, हात घालता येणार नाही.

शिक्षण आणि संपत्ती यांचा आत्महत्येशी संबंध काय, हा प्रश्न वाचकाला नगरवासी वाटेल. तो पॅरिसच्या ग्रंथालयात किंवा मुंबईच्या समाजशास्त्र विभागात शोभावा, आलापल्लीच्या आरागिरणीशेजारी त्याचे काय काम, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या प्रदेशात शिक्षण आणि संपत्ती दोन्ही सरकारी कोष्टकांत पिढ्यान् पिढ्या शून्याच्या आसपास घुटमळत राहिली, त्याच प्रदेशाच्या उंबरठ्यावर या प्रश्नाची एक फार मोलाची परीक्षा झालेली आहे. आणि ती करणारा मनुष्य समाजशास्त्राच्या कोणत्याही पीठाचा अध्यापक नव्हता.

आधी मुलखाची ओळख. १८५३ साली नागपूरकर भोसल्यांचा वंश निर्वारस ठरवून कंपनी सरकारने राज्य खालसा केले, पुढल्याच वर्षी चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, जिल्हा झाला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अहेरीची जमीनदारी विस्ताराने अडीच हजार चौरस मैलांहूनही मोठी, म्हणजे देशावरच्या कित्येक संस्थानांना पोटात घालील एवढी होती. वस्ती मात्र विरळ, गोंड आणि माडिया लोकांची, आणि तीही नद्यानाल्यांच्या काठाने विखुरलेली. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळापासून इंग्रज अंमलदारांची दृष्टी या जंगलांतील सागावर खिळली. १८७८च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी पक्क्या झाल्या, आणि आलापल्ली हे वनखात्याचे ठाणे म्हणून वाढत गेले. पुढे १९५३ साली येथल्याच अरण्याचा एक लहानसा तुकडा कुऱ्हाडीपासून कायमचा राखून ठेवण्यात आला. ‘आलापल्लीचे वैभव’ म्हणून तो ओळखला जातो आणि २०१४ मध्ये तो महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरला. दिल्लीच्या नव्या संसद भवनात याच पट्ट्यातील साग गेला. एवढी कीर्ती झाडांच्या वाट्याला आली.

माणसांचे मृत्यू या दफ्तरात कसे येतात ते पाहण्यासारखे आहे. सरकारने स्वतः दिलेला मृत्यू तारीखवार सापडतो. सत्तावन्नच्या बंडाच्या अखेरीस मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फाशी दिले गेले, याविषयी कागद संशय ठेवीत नाही. परंतु जो मृत्यू सरकारने दिलेला नाही, रोगानेही आणलेला नाही, जो एखाद्या पाड्यावर एखाद्या मध्यरात्री एखाद्याने आपण होऊन पत्करला, त्याची वार्ता ठाण्यापर्यंत पोचण्यास कोतवालाचे पाय हेच एक साधन होते. मध्य प्रांताच्या शिरस्त्याप्रमाणे खेड्यातील जन्ममृत्यूंची वही कोतवालाने ठराविक दिवशी ठाण्यावर न्यायची. तो बहुधा निरक्षर, म्हणून वही भरायची मुकद्दमाने, किंवा शाळामास्तर असेल तर त्याने, आणि दोघेही नसतील तर ठाण्यावरच्या मुन्शीने कोतवालाच्या तोंडून ऐकून. मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजके होते: पटकी, देवी, ताप, हगवण, श्वासाचे विकार आणि इजा. या शेवटल्या ‘इजा’ नामक रकान्याच्या पोटात आत्महत्या, अपघात, सर्पदंश आणि हिंस्र श्वापदे ही मंडळी एकत्र नांदत. ज्या अरण्यात वाघ आणि नाग हे रोजचे शेजारी, तेथे एखाद्या विषण्ण मृत्यूस सापाच्या खात्यात घालून टाकणे कोणालाही अवघड नव्हते. आणि इतके करूनही जे उरे, ते सारे ‘ताप’ या सर्वसंग्राहक शब्दात सामावून जाई.

अनैसर्गिक मृत्यूची वर्दी आली की ठाण्यात ‘मर्ग’ दाखल होई. हा फारसी शब्द, ज्याचा अर्थ केवळ मृत्यू, विदर्भातील पोलिसांच्या तोंडी आजही आहे. उर्वरित महाराष्ट्रात ‘अकस्मात मृत्यू’ म्हणतात, पण नागपूर-चांद्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘पोलिसांनी मर्ग दाखल केला’ हे वाक्य अद्याप नित्याचे आहे. मोगलाई आणि भोसलेशाही गेली, इंग्रज गेला, मध्य प्रदेश जाऊन मुंबई राज्य आणि महाराष्ट्र आला, १९८२ साली चांद्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली निराळी झाली, मर्ग राहिला. जनसामान्यांच्या बोलीत मात्र या मृत्यूला निराळेच नाव आहे. कायदा त्यास हत्या म्हणतो. मराठी माणूस ‘जीव दिला’ म्हणतो, आणि त्याहूनही जीभ अडखळली तर ‘जिवाचे बरेवाईट करून घेतले’ एवढेच म्हणून थांबतो. ‘दिला’ या क्रियापदात ज्याला दिला तो कोणीतरी असावा लागतो. कोणाला, हे वाक्यात कधीच येत नाही. १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न शिक्षेस पात्र ठरवला असल्यामुळे ज्याचा जीव वाचला त्याच्या घरच्यांना तर या गोष्टीचा उच्चार करणेच दुर्घट झाले, आणि वैद्यापुढेही ‘चुकून झाले’ असे सांगण्याची चाल पडली. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या कलमाची नांगी बरीचशी मोडली आणि २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेत ते कलम उरले नाही. परंतु दीडशे वर्षांची भीती कलमासोबत रद्द होत नसते.

आता जरा परदेशी जाऊन येऊ. एकोणिसाव्या शतकात युरोपातील राष्ट्रे मृत्यूंच्या नोंदी छापू लागली, आणि त्या कोष्टकांकडे पाहून विद्वानांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली: जेथे शाळा अधिक, जेथे संपत्ती अधिक, जेथे रेल्वे आणि वृत्तपत्रे अधिक, तेथेच आत्महत्याही अधिक. इटलीच्या मोर्सेलीने १८७९ साली यावर ग्रंथ लिहिला. आणि १८९७ मध्ये फ्रान्सच्या एमिल द्युर्केम याने तो सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला, ज्याने समाजशास्त्राला स्वतःच्या पायांवर उभे केले असे मानतात. द्युर्केमचे म्हणणे वरवर वाचणाऱ्यांनी त्याचा विपर्यास फार केला. विद्या मारते, असे तो म्हणत नाही. ज्या समाजात परंपरेची पकड सैल होते, तेथला मनुष्य हरवलेल्या आधाराच्या जागी दुसरा आधार शोधू लागतो आणि त्या शोधात विद्येकडे वळतो. म्हणजे विद्या हे औषध आहे, आणि ज्या घरी औषधाची बाटली दिसते त्या घरी रोगही आढळतो, म्हणून बाटलीस दोष देणे हा तर्कदोष होय. याचा पुरावा म्हणून तो यहुदी समाजाकडे बोट दाखवतो, ज्यात शिक्षण पुष्कळ होते, पण आपसांतील बांधणीही घट्ट होती, आणि म्हणून आत्महत्या थोड्या होत्या. दारिद्र्याविषयी तर त्याने आणखी धाडसी विधान केले: आयर्लंडचा कंगाल कुणबी, कॅलाब्रियातील शेतमजूर, स्पेनचा दरिद्री खेडूत, हे आत्महत्या करीत नाहीत; दारिद्र्य हे एक प्रकारचे कवच आहे, कारण ते माणसाच्या इच्छांना फार दूर धावू देत नाही. घात होतो तो स्थितीच्या अकस्मात पालटाने, मग तो पालट दिवाळखोरीचा असो वा भरभराटीचा.

फ्रान्समध्ये बसून हे सिद्धांत मांडणाऱ्याजवळ जी सामग्री नव्हती, ती सामग्री आलापल्लीच्या पूर्वेस, इंद्रावती नदीच्या पलीकडे, बस्तर संस्थानच्या न्यायालयीन दफ्तरांत साठत होती. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन नावाचा सनदी अधिकारी १९२७ ते १९३१ या काळात तेथे कारभारी होता. त्याचा बस्तरच्या माडिया गोंडांवरील ग्रंथ १९३८ साली निघाला. त्यानंतर आला व्हेरियर एल्विन. ऑक्सफर्डचा हा पदवीधर मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आला, गांधीजींच्या सहवासात राहिला, आणि अखेरीस शामराव हिवाळे या आपल्या मराठी सहकाऱ्यासह मंडला जिल्ह्यातील गोंडांमध्ये राहू लागला. १९४० नंतर बस्तरमध्ये काम करीत असता त्याने संस्थानच्या दफ्तरातील माडियांच्या शंभर खुनांचे खटले आणि त्याबरोबर आत्महत्यांची प्रकरणे बारकाईने वाचली, तुरुंगात जाऊन कैद्यांच्या जबान्या ऐकल्या, गावोगाव जाऊन घटनास्थळे पाहिली. आणि १९४३ साली त्याचा ‘मारिया मर्डर अँड स्युइसाइड’ हा ग्रंथ ग्रिगसनच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. माणसाच्या अत्यंत दुःखद क्षणांविषयीचा हा ग्रंथ वाचताना विस्मय वाटतो तो त्यातील सहृदयतेचा. एल्विनने न्यायाधीशांना उद्देशून लिहिले असावे असे वाटावे, इतक्या कळकळीने तो या लोकांच्या मनाची वकिली करतो.

त्याच्या पुराव्याचे महत्त्व मात्र वकिलीत नाही, तुलनेत आहे. बस्तरच्या उत्तरेस मुरिया राहत, दक्षिणेस शिंगमुकुट धारण करणारे माडिया. दोघे गोंडच, दोघांची बोली जवळची, दोघे अरण्यवासी, दोघे मोहाच्या फुलांवर आणि धान्याच्या थोड्या पिकावर गुजराण करणारे. शाळेचे तोंड दोघांनीही पाहिले नव्हते. सावकाराच्या कीर्दीत दोघांचीही संपत्ती सारख्याच किमतीची, म्हणजे नगण्य. शिक्षण आणि उत्पन्न या दोन अंगांनी पाहिले तर या दोन समाजांत फरक करण्याजोगे काहीही नव्हते. तरी माडियांत खून आणि आत्महत्या यांचे प्रमाण मुरियांहून फार अधिक होते. दोन शून्यांची तुलना केली आणि उत्तर शून्य आले नाही! हा फरक शाळेने किंवा पैशाने केलेला नसेल तर कशाने केला, याचा विचार करता एल्विन घोटुलापाशी येऊन थांबला. मुरियांच्या गावात तरुण मुलामुलींचे घोटुल असे, जेथे ती एकत्र वाढत, एकत्र नाचत, एकमेकांची चूक एकमेकांसमोर सावरीत, आणि मत्सर ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे हे बालपणीच शिकत. माडियांत अशी संस्था त्या स्वरूपात नव्हती. तेथे संशय, जादूटोण्याचा धसका, दांपत्यकलह, दीर्घ आजाराने आलेला वैताग, श्रमाने खचलेल्या देहात शिरलेली दारू, यांना वाट मोकळी होती. एल्विनने घोटुलाचे चित्र काहीसे गुलाबी रंगविले, हा आक्षेप त्याच्यावर पुढे घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु रंग पुसून टाकला तरी रेषा राहते: ज्या समाजात दुःखी माणसाला एकटे सापडणे कठीण, तेथे मर्गाची वही पातळ राहते.

आलापल्लीच्या बाजूस, भामरागडच्या माडियांत, गोटूल आहे, पण त्याचे रूप मुख्यत्वे गावाच्या सामाईक घराचे. तेथे पंचायत बसते, पाहुणा उतरतो, सण ठरतो. गावचा गायता, भूमिया आणि वडीलधारी माणसे तेथे जमून एखाद्या घरातील भांडण ऐकून घेतात. हे चित्रही रंगवण्याचा मोह आवरला पाहिजे. येथे वेठबिगार होती, मलेरिया होता, जमीनदाराचे कारकून आणि जंगलखात्याचे शिपाई दोघांचाही जाच होता; १९४० नंतर दोन वर्षे ग्रिगसनने मध्य प्रांत-वऱ्हाडातील आदिवासींच्या स्थितीची सरकारी चौकशी केली, तिचे १९४४ साली छापलेले प्रतिवृत्त हे या जाचाचे ठोस दफ्तर आहे. सुखी दरिद्री हा कवींचा प्राणी आहे. मुद्दा एवढाच की दुःख सर्वांवर एकत्र कोसळले तेव्हा त्याची लाज कोणा एकट्याला वाटली नाही.

आता पश्चिमेकडे, काळ्या मातीच्या वऱ्हाडाकडे वळू. कारण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तेथे घडला. १८५३ च्या तहनाम्याने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोचली. याच सुमारास रयतवारी मोजणी होऊन जमिनीवर रयतेच्या नावाची नोंद चढली, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला ती गहाण टाकण्याचाही अधिकार आला. युद्ध संपले, भाव कोसळला, गहाणखत मात्र शिल्लक राहिले. द्युर्केमने भरभराट आणि दिवाळे यांना एकाच दावणीला का बांधले, हे समजून घ्यावयाचे असेल तर वऱ्हाडच्या खतावण्या चाळाव्यात. उलटपक्षी आदिवासींची जमीन इतरांच्या हाती सहजासहजी जाऊ नये म्हणून मध्य प्रांत सरकारने १९१६ साली जमीन हस्तांतरणास आळा घालणारा कायदा केला. त्यातून पळवाटा निघाल्याच, पण अहेरीच्या अरण्यातील मनुष्य बाजाराच्या साखळीत वऱ्हाडच्या कुणब्याइतका जखडला गेला नाही, याला रस्ते नसणे जितके कारण झाले, तितकाच थोडासा हातभार या कागदानेही लावला असावा, असे माझे मत आहे. गडचिरोली जिल्ह्यात आजही वडशाचे स्थानक सोडले तर धावती रेल्वे नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा अंत झाला, आणि महाराष्ट्राने शेतकऱ्याच्या आत्महत्येकडे प्रथमच दचकून पाहिले. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्र यांनी २००६ साली दाखवून दिले की १९९५ ते २००४ या दशकात राज्यातील सर्व पुरुषांमधील आत्महत्यांचे प्रमाण दर लाखी १७ वरून २० पर्यंत, म्हणजे थोडेच वाढले. पण शेतकरी पुरुषांमधील प्रमाण १७ वरून ५३ वर गेले. त्याच वर्षी जुलैच्या आरंभी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भात येऊन ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. तीत जिल्हे होते सहा: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा. गडचिरोली नाही, चंद्रपूरही नाही.

या यादीपाशी जरा थांबावेसे वाटते. २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात गडचिरोली हा पस्तीस जिल्ह्यांत सर्वांत शेवटचा होता, त्याचा निर्देशांक ०.२१, आणि त्याच्या अगदी वरचा, चौतिसावा, यवतमाळ, निर्देशांक ०.२२. म्हणजे राज्यातील सर्वांत दीन असे दोन जिल्हे कोष्टकात खांद्याला खांदा लावून उभे, दोहोंमध्ये अंतर एका शतांशाचे. पण एक आत्महत्यांच्या नकाशाचे केंद्र ठरला आणि दुसरा त्या नकाशाच्या काठाबाहेर राहिला. साक्षरता पाहावी तर २०११ च्या जनगणनेत अमरावती, अकोला आणि वर्धा यांची ८५ टक्क्यांहून अधिक, उरलेल्या तिघांची राज्याच्या सरासरीच्या आसपास, आणि गडचिरोलीची सुमारे ७४. जर कोणी यावरून म्हणेल की शाळा वाढल्या म्हणून माणसे मेली, तर तो द्युर्केमच्या बाटलीचाच घोटाळा पुन्हा करील. पश्चिम विदर्भात शाळेच्या आगेमागे कापूस होता, बियाण्याची उधारी होती, बँकेचे थकीत खाते होते, मुलीच्या लग्नाचा नि मुलाच्या महाविद्यालयाचा खर्च होता, आणि शेजाऱ्यासमोर पत राखण्याची धडपड होती. गडचिरोलीत पिकणारे धान प्रथम घरच्या कणगीत जाई, आणि उरले तर बाजारात.

पण या यादीचे आणखी एक गुपित आहे, आणि ते पुन्हा दफ्तराचे आहे. डिसेंबर २००५ च्या शासननिर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपये देण्याचे ठरले, आणि त्यासाठी कसोट्या घातल्या गेल्या: कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे, ते थकलेले असावे, वसुलीचा तगादा लागलेला असावा. प्रत्येक मृत्यू ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शिक्का घेऊन बाहेर पडू लागला. मराठीतील या दोन सोज्ज्वळ संस्कृत शब्दांना एवढे निर्दय काम पूर्वी कधी पडले नसेल. आता आलापल्लीच्या परिसरातील मनुष्य घ्या: तो पिढ्यान् पिढ्या जो तुकडा कसत आला, तो राखीव जंगलात मोडतो, आणि २००६ चा वनहक्क कायदा होईपर्यंत दफ्तरात त्याचे नाव शेतकरी नव्हते, अतिक्रमणदार होते. सातबारा नाही, म्हणून सोसायटीचे कर्ज नाही. कर्ज नाही, म्हणून थकबाकी नाही. आणि देव न करो, पण त्याने जिवाचे काही बरेवाईट करून घेतलेच, तर शेतकरी आत्महत्येच्या रकान्यात त्यास प्रवेशच नाही. कवच म्हणून जे आपण पाहतो, त्यातील किती भाग खरे कवच आणि किती भाग केवळ न लिहिलेला कागद, हे वेगळे काढणे कोणाही संख्याशास्त्रज्ञाला सोपे जाणार नाही.

देशाच्या कोष्टकांतही हाच पेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशभर १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. दर लाखी बारा. साक्षरतेत अग्रेसर केरळात हे प्रमाण २६.९, आणि साक्षरतेत मागे राहिलेल्या बिहारात ०.७. एवढ्या तफावतीवरून बिहारी माणूस केरळीयाच्या जवळजवळ चाळीसपट संतुष्ट आहे असे अनुमान काढण्याचे धाडस कोणी करणार नाही. तेथे मर्ग किती दाखल होतात, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. २०१० या एका वर्षासाठी विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी घरोघरच्या मृत्यूंच्या चौकशीवरून केलेला अंदाज सुमारे १,८७,००० होता, तर पोलिसांच्या नोंदीत सुमारे १,३५,००० च होते. त्याच २०२१ च्या अहवालात मृतांपैकी २४ टक्के दहावीपर्यंत शिकलेले, ११ टक्के निरक्षर आणि पदवीधर वा त्यापुढचे अवघे ४.६ टक्के आहेत, आणि ६४.२ टक्क्यांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. वृत्तपत्रे हे आकडे छापतात आणि वाचक कधी ‘दहावीवाले फार मरतात’ असे म्हणतात, तर कधी ‘गरीब फार मरतात’ असे म्हणतात. परंतु देशात मुळात दहावीवाले किती आणि लाखाच्या आतले किती, हे शेजारी मांडल्याखेरीज ही टक्केवारी काहीच सांगत नाही. वाटा आणि प्रमाण यांतला हा भेद शाळेत शिकवला जातो आणि अहवाल वाचताना विसरला जातो. एवढे मात्र त्यातून दिसते, की अर्धवट शिकून अडकलेला मनुष्य, ज्याला शाळेने बापाच्या धंद्यातून उठवले आणि नोकरीने आपल्या दारात घेतले नाही, तो या पानांवर वारंवार भेटतो. त्या वर्षी मरण पावलेले विद्यार्थीच १३,०८९ होते, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, १,८३४.

हा मनुष्य आता आलापल्लीलाही भेटू लागला आहे. १९५१ साली जमीनदारी गेली, १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प आरंभला, आश्रमशाळा आल्या, पक्के रस्ते आले. भामरागडचा, एटापल्लीचा मुलगा आता आलापल्लीत किंवा गडचिरोलीत खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करतो. त्याचे मैदान, त्याची पुस्तके, त्याची गुणांची यादी सारे एकट्याचे असते, आणि यादीत नाव आले नाही तर ते अपयशही त्याचे एकट्याचे. गोटुलात ज्याचे दुःख दहाजण वाटून घेत, त्याला अरण्याच्या कोष्टकातून काढून आपण वऱ्हाडच्या कोष्टकात नेऊन बसवले आहे. त्याला शिकवू नये असे म्हणणारा मनुष्य एक तर मूर्ख, नाही तर त्याच्या जंगलावर डोळा असलेला. परंतु खोलीत एकटे बसण्याच्या रात्रीही आता त्याच्या वाट्याला आल्या आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही प्रहरी मराठीत बोलता येते, ही माहिती भरतीच्या जाहिरातीइतकी त्या खोल्यांपर्यंत पोचली तर बरे.

मर्गाची नोंद आता पूर्वीसारखी कोतवालाच्या तोंडून होत नाही. पंचनामा होतो, नातलगांचे जबाब होतात, आणि वर्षअखेर दिल्लीला जाणाऱ्या तपशिलासाठी मृताचे शिक्षण व वार्षिक उत्पन्न हेही विचारले जाते. शिक्षण सांगणे सोपे असते. आश्रमशाळेचा दाखला असतो, किंवा नसतो. उत्पन्नाच्या रकान्यापाशी मात्र लेखणी अडते. उन्हाळ्यात वेचलेला मोह अर्धा खाल्ला गेला, अर्धा मिठाच्या बदल्यात गेला. तेंदूची पुडकी फडावर मोजली गेली, बोनस कधी आला, कधी नाही. बांबू तोडला तो काही घरासाठी, काही विक्रीसाठी. धान कणगीत आहे, त्याचा भाव कोणी काढलेला नाही. व्हरांड्यात उकिडवा बसलेला बाप हे सारे एकेक सांगत जातो, शिपाई ऐकत राहतो, आणि मग रकान्यात तो जे लिहितो, ते ‘एक लाखाच्या आत’ एवढेच असते.